उशी धुण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा

उशी धुवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो साबणाचा: कुठला घ्यायचा, किती घालायचा. तो सगळ्यात सोपा प्रश्न आहे. अवघड भाग पुढे असतो, वाळवण्याचा. धुणं तासाभरात उरकतं. वाळायला एक ते तीन दिवस लागू शकतात, आणि उशा बिघडतात त्या बहुतेक याच टप्प्यावर. वरून कोरडीठाक लागणारी पण गाभ्यात दमट राहिलेली उशी दोन-तीन दिवसांत कुबट वास मारायला लागते. आत बुरशीने घर केलं की ती उशी टाकूनच द्यावी लागते. म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांना मी एक गोष्ट बजावून सांगते: जे पुरतं वाळवता येणार नाही, ते भिजवू नका. आभाळ भरलेलं असेल, पुढचे दोन दिवस घरी कोणी नसेल, तर आज फक्त अभ्रे धुवा. आतल्या उशीचं उद्या-परवा बघता येईल.

नेमकं साठतं काय

झोपायची उशी रोज रात्री सात-आठ तास डोक्याखाली असते. घाम, लाळ, केसांचं तेल, त्वचेचा तेलकटपणा हे सगळं अभ्र्यातून झिरपत आतल्या खोळीपर्यंत जातं. खोळीवर जे पिवळट, कडा गडद असलेले डाग दिसतात ते याचेच. शिवाय झडलेल्या त्वचेचे बारीक कण आत जमतात आणि त्यांवर डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीव पोसले जातात. त्यांची लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे सकाळी उठल्या उठल्या शिंका येणं, नाक चोंदणं, दमा बळावणं असे त्रास होतात. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते मरतात. गार पाण्याने विष्ठा बरीचशी धुऊन जाते, पण जीव बरेच तगतात. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सोफ्यावरची शोभेची कुशन वेगळ्या तऱ्हेने मळतात. त्यांवर धूळ बसते, हातांचा मळ लागतो, पाळीव प्राण्यांचे केस चिकटतात, कधी चहा सांडतो. पण घाम त्यांच्या गाभ्यापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून माझं मत असं की शोभेच्या कुशनचं कव्हर धुणं आणि आतला भाग व्हॅक्यूम करून हवेशीर ठेवणं एवढं बहुतेक वेळा पुरतं. आतला भाग उगाचच धुऊ नये. प्रत्येक धुण्यागणिक भरावाची उभारी थोडी कमी होते.

लेबल आधी वाचा

शिवणीत अडकवलेली छोटी पांढरी पट्टी कापून टाकायची सवय अनेकांना असते. नव्या उशीच्या बाबतीत तरी तसं करू नका. त्यावरच्या खुणा एकदा समजल्या की पुढचं निम्मं काम सोपं होतं. पाण्याने भरलेल्या टबाचं चित्र म्हणजे धुता येईल. त्यातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान. टबात हात दाखवला असेल तर फक्त हाताने धुवायचं. टबाखाली एक आडवी रेघ म्हणजे मशीनचा सौम्य वेग, दोन रेघा म्हणजे आणखी सौम्य. टबावर फुली असेल तर पाण्यात बुडवायचंच नाही. त्रिकोण हा ब्लीचचा, आणि फुली मारलेला त्रिकोण म्हणजे कुठलंच ब्लीच नको. चौकोनात वर्तुळ ही ड्रायरची खूण. वर्तुळात एकच ठिपका असेल तर कमी उष्णतेवर. चौकोनात आडवी रेघ असेल तर टांगू नका, सपाट पसरून वाळवा. नुसतं वर्तुळ असेल तर ती वस्तू ड्रायक्लीनिंगला द्यायची.

सोफ्याच्या कुशनवर कधी कधी इंग्रजी अक्षरं असतात. 'डब्ल्यू' म्हणजे पाणी आणि सौम्य साबण चालेल. 'एस' म्हणजे पाणी नको, फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण. 'डब्ल्यूएस' असेल तर दोन्ही चालतं. 'एक्स' म्हणजे व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रश, बाकी काहीच नाही.

लेबल नसेल तर हाताने ओळखा

कव्हर काढा आणि आतली उशी दोन्ही हातांत धरून दाबा.

हलकी आहे, दाबली की लगेच फुगते आणि आत मऊ, गुळगुळीत तंतू जाणवतात: हा पॉलिएस्टर फायबर. धुवायला सगळ्यात सोपा भराव हाच.

दाबल्यावर हवा हळूहळू सुटते, बोटांना बारीक काड्या टोचतात, कधी शिवणीतून एखादं पीस डोकावतं: पिसांची उशी. धुता येते, पण सांभाळून.

एकाच तुकड्याची, कडा धारदार, स्पंजासारखी: फोम. दाबलेल्या जागी हाताचा ठसा काही क्षण राहत असेल तर मेमरी फोम. रबरासारखी लवचीक आणि हाताला जड लागत असेल तर लॅटेक्स.

जड, घट्ट आणि आत गुठळ्या चाचपता येत असतील तर कापूस. कापसासारखीच पण खूपच हलकी, आत रेशमी तंतू असतील तर सावरी. या दोन्हींना पाण्यापासून लांब ठेवा. कारण पुढे सांगते.

हलवली की सळसळ आवाज येतो: धान्याचा तूस किंवा प्लॅस्टिकचे बारीक मणी.

तरीही शंका राहिलीच तर शिवणीचे तीन-चार टाके उसवा, चिमटीभर भराव बाहेर काढून बघा आणि लगेच पुन्हा टाके घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

आधी कोरडी सफाई

धुवायचं असो वा नसो, ही पायरी प्रत्येक वेळी करा. कव्हर काढून उशी उघड्यावर न्या आणि तळहाताने दोन्ही बाजूंनी थोपटा. मग व्हॅक्यूमला सोफ्याचं तोंड लावून सावकाश फिरवा. खरी धूळ शिवणीत आणि पायपिंगच्या, म्हणजे कडेला शिवलेल्या दोरीसारख्या गोटाच्या, खाचेत असते, तिथे अरुंद तोंड लावून दोनदा फिरवा. पिसांच्या उशीवर ओढ कमी ठेवा आणि व्हॅक्यूमच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून बसवा, म्हणजे पिसं ओढली जात नाहीत.

वास येत असेल तर उशीवर खाण्याचा सोडा पातळ भुरभुरा, अर्धा-एक तास राहू द्या आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. वास जुना असेल तर रात्रभर ठेवला तरी चालतो. व्हॅक्यूम नसेल तर मात्र सोडा वापरू नका. ती पूड झटकून पूर्ण निघत नाही आणि कापडात राहून खरखर करते.

ज्या वस्तू धुताच येत नाहीत, त्यांतल्या डस्ट माइटसाठी थंडी उपयोगी पडते. छोटं कुशन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवलं की ते मरतात. जाडजूड वस्तूचा गाभा गार व्हायला वेळ लागतो, म्हणून एका रात्रीवर भागवू नका. नंतर व्हॅक्यूम करायलाच हवं, कारण ॲलर्जी करणारी विष्ठा थंडीने नाहीशी होत नाही.

कव्हर आणि अभ्रे

आतून बाहेर उलटा, चेन बंद करा, मग धुवा. उघडी चेन बाकीच्या कपड्यांना ओरबाडते आणि स्वतःही वाकडी होते.

रंगीत कव्हर पहिल्यांदा धुण्याआधी रंगाची परीक्षा घ्या. आतल्या शिवणीजवळ एक ओला पांढरा फडका मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर ते कव्हर एकटंच, गार पाण्यात धुवायचं. पायपिंग वेगळ्या रंगाची असेल तर तिचीही परीक्षा घ्या. कव्हर पक्क्या रंगाचं आणि पायपिंग कच्च्या रंगाची असं पुष्कळदा होतं. साध्या सुती कव्हरला ३० ते ४० अंशांचं पाणी पुरे. मखमल, रेशीम, लोकर, भरतकाम, आरसे किंवा मणी लावलेली कव्हरं मशीनमध्ये टाकू नका. गार पाण्यात सौम्य साबण घालून हलक्या हाताने बुचकळा, आणि पिळण्याऐवजी टॉवेलात गुंडाळून दाबा.

सोफ्याच्या बैठकीच्या कुशनला चेन असते म्हणून कव्हर काढून धुवायचंच असं समजू नका. अनेकदा ती चेन फोम आत बसवण्यापुरतीच दिलेली असते. चेनला ओढायची पट्टीच नसेल तर तो इशारा समजा. असं कव्हर धुतल्यावर जरासं जरी आटलं तरी ते पुन्हा फोमवर चढत नाही, चढलंच तर शिवण ताणून उसवते. अशा कव्हरचे डाग जागच्या जागी काढणं शहाणपणाचं.

डाग

डाग पडल्यावर पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. स्वच्छ पांढरा फडका घ्या आणि टिपून घ्या. घासलं की डाग पसरतो आणि भरावात खोल उतरतो. टिपताना डागाच्या कडेकडून मध्याकडे या.

रक्त, दूध, अंडं, घाम या सगळ्यांत प्रथिनं असतात. त्यांना गारच पाणी हवं, कारण गरम पाण्याने प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. आधी गार पाण्याने टिपा, मग एन्झाइम असलेलं कपड्यांचं लिक्विड थोडं लावून पंधरा मिनिटं ठेवा. तेलकट डागाला उलट क्रम: आधी पाणी लावूच नका. कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर दाबून भुरभुरा, अर्धा तास तेल शोषू द्या, झटका, आणि मग भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब पाण्यात कालवून लावा. चहा-कॉफीच्या डागावर पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर चालतं. बॉलपेनच्या शाईवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा टेकवत राहा आणि दर वेळी बोळ्याची स्वच्छ बाजू वापरा.

काहीही लावण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. आणि साबण लावलात की तो निघून जाईपर्यंत ओल्या फडक्याने टिपा. राहिलेला साबण चिकट असतो. आठवड्याभरात त्यावर धूळ धरते आणि डाग परत आला असं वाटतं.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन वायू तयार होतात, तेही तितकेच घातक. बाळाने किंवा मांजरीने ओल्या केलेल्या उशीवर थेट ब्लीच ओतू नये ते यासाठीच, कारण लघवीतही अमोनिया असतो. सोडा आणि व्हिनेगर मिसळण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. त्यात धोका नाही, पण दोघं एकमेकांचा परिणाम घालवतात. फेस भरपूर येतो आणि खाली जवळपास नुसतं खारं पाणी उरतं. एका वेळी एकच वापरा.

फायबरची उशी मशीनमध्ये

१. आतल्या खोळीची शिवण चारही बाजूंनी तपासा. उसवली असेल तर आधी टाके घाला. मशीनमध्ये फुटलेली उशी म्हणजे ड्रमभर चिकटलेले तंतू आणि तुंबलेला पाइप.

२. पिवळे डाग असतील तर त्यांवर लिक्विड चोळून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

३. एकाच मापाच्या दोन उशा समोरासमोर ठेवा, म्हणजे मशीनचा तोल राहतो. एकटी उशी पाणी पिऊन जड होते आणि स्पिनच्या वेळी मशीन धडधडायला लागतं. एकच धुवायची असेल तर जोडीला दोन टॉवेल टाका. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये उशा उभ्या ठेवा. मध्ये दांडा असेल तर एक इकडे, एक तिकडे.

४. लिक्विड नेहमीच्या निम्मंच घाला. दोन उशांना एक ते दोन मोठे चमचे पुरतात. पावडर टाळा, तिचे कण तंतूंमध्ये अडकून बसतात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याच्या थराने तंतू एकमेकांना चिकटतात आणि उशी चपटी होते.

५. सौम्य वेग, ४० अंश. लेबल परवानगी देत असेल आणि घरात ॲलर्जी असेल तर ६० अंश.

६. एक जादा रिन्स लावा. नंतर उशीचा कोपरा मुठीत दाबा. फेस दिसला तर आणखी एक रिन्स.

७. शेवटी पाणी न घेता फक्त स्पिन, एकदा जास्तीची. मशीनने काढलेला प्रत्येक घोट पाणी म्हणजे वाळण्याचा वेळ वाचला.

मशीन नसेल तर मोठ्या टबात कोमट पाणी घेऊन लिक्विड आधी त्यात विरघळवा, मग उशी बुडवा. दोन्ही तळहातांनी दाबायचं, सोडायचं, उलटायचं. पाणी गढूळ होईल ते ओतून द्या, आणि स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहा. पिळू नका. ओली उशी उचलताना खालून दोन्ही हातांनी आधार द्या. एका टोकाने उचलली तर सगळा भराव खाली घसरतो आणि शिवण फाटते.

पिसांची उशी

पद्धत वरचीच, पण तीन गोष्टी वेगळ्या. पिसं केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात, म्हणून प्रथिनांच्या डागांवर चालणारं एन्झाइमचं लिक्विड इथे वापरू नका. लोकरीसाठी मिळतं तसं सौम्य लिक्विड घ्या. क्लोरीन ब्लीचही नको. पाणी कोमट ठेवा, पण लेबल ६० अंशांची मुभा देत असेल तर तेही चालतं. आणि ओल्या पिसांना येणाऱ्या उग्र वासाने घाबरू नका, तो वाळल्यावर जातो. पूर्ण वाळूनही वास राहिला तर आत अजून ओल आहे असंच धरून चाला.

फोम, मेमरी फोम आणि लॅटेक्स

फोम मशीनमध्ये टाकला की त्याचे तुकडे पडतात. पातळ फोम, म्हणजे साधारण दोन इंचांपर्यंतचा, हाताने धुता येतो. टबात कोमट पाणी आणि चमचाभर लिक्विड घ्या, फोम सपाट बुडवा आणि एका टोकापासून तळहात टेकवत दुसऱ्या टोकाकडे जा. दाबल्यावर करडं पाणी बाहेर येतं, सोडल्यावर फोम स्वच्छ पाणी ओढून घेतो. हे पाचसहा वेळा झालं की पाणी बदला. साबण निघायला वेळ लागतो, तेवढा द्या. शेवटी जाड टॉवेलावर ठेवून वरून दुसऱ्या टॉवेलाने दाबा. मुरगळलात तर आतून चिरतो.

चार-पाच इंची बैठकीचा फोम भिजवायच्या फंदात पडू नका. त्याच्या गाभ्यातलं पाणी दिवसेंदिवस निघत नाही. वरून सोडा, व्हॅक्यूम, आणि घट्ट पिळलेल्या साबणाच्या फडक्याने पुसणं एवढंच करा. मेमरी फोम आणि लॅटेक्सलाही हेच लागू. तिघांनाही कडक ऊन सोसत नाही. ते पिवळे पडतात आणि कडा चुरायला लागतात. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. आणि ड्रायरमध्ये तर कधीच नाही, फोम रबर तापून पेट घेऊ शकतं.

कापूस आणि सावरी

कापूस पाणी धरून ठेवतो. बाहेरचा थर वाळतो, आतला ओला गोळा तसाच राहतो, आणि वाळलाच तर दगडासारखा घट्ट होतो. सावरीचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात. पाणी ते सहसा शोषत नाहीत, पण धुताना त्यांच्या गुठळ्या होऊन उभारी जाते. म्हणून या उशांना अधूनमधून ऊन दाखवा. सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी, आणि दर दोन तासांनी थोपटून भराव मोकळा करा. फारच मळल्या असतील तर खोळ उसवून भराव बाहेर काढा, खोळ तेवढी धुवा, कापूस पिंजून घेऊन परत भरा.

तुसाच्या उशीचंही असंच: तूस परातीत ओतून उन्हात पसरा, चुरा चाळून टाका, खोळ धुवा. प्लॅस्टिकच्या मण्यांचं कुशन उघडायचं असेल तर पंखा बंद करा, मोठ्या पिशवीचं तोंड कुशनच्या तोंडाला घट्ट बांधा आणि मगच मणी पिशवीत घसरवा. मोकळे झालेले मणी अंगाला आणि भिंतींना चिकटतात, झाडूने येत नाहीत.

वाळवणं

ड्रायर असेल तर फायबर आणि पिसांसाठी तो सगळ्यात चांगला. कमी उष्णता ठेवा आणि स्वच्छ मोज्यांत घातलेले दोन-तीन टेनिसचे चेंडू सोबत टाका. ते आदळत राहतात आणि गुठळ्या फुटतात. दर अर्ध्या तासाने थांबवा, उशा बाहेर काढून थोपटा, बाजू बदला. पिसांना असे दोन-तीन तास किंवा जास्तही लागतात. उष्णता वाढवून वेळ वाचवायला जाऊ नका, फायबर वितळून कडक होतो आणि पिसं ठिसूळ होतात.

ड्रायर नसेल तर जाळीच्या स्टँडवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. एका कोपऱ्याने टांगू नका. फायबर आणि पिसांच्या उशांना ऊन चालतं. रंगीत खोळ असेल तर तिच्यावर जुनी पांढरी चादर पसरा. आणि मग महत्त्वाचं काम: दर दोन-तीन तासांनी उशी हातात घ्या आणि बोटांनी आत चाचपा. ओल्या जागी भरावाचे गोळे लागतात, लिंबाएवढे, कधी त्याहून मोठे. खोळीच्या वरूनच दोन्ही हातांच्या बोटांनी प्रत्येक गोळा धरून विरुद्ध दिशांना ओढायचा, सुटा करायचा, आणि उशी उलटून ठेवायची. हे ओली असतानाच करावं लागतं. गोळा तसाच वाळला की नंतर कितीही थोपटलं तरी फुटत नाही.

संध्याकाळी उशी आत घ्या, रात्रीच्या दवात ठेवू नका. आत घेतल्यावर पंख्याखाली राहू द्या. अंथरुणावर किंवा कपाटात नाही.

वाळली का हे वरून हात लावून कळत नाही. तीन परीक्षा घ्या. उशी मध्ये दुमडून अर्धा मिनिट घट्ट धरा आणि मग घडीच्या आतल्या भागाला गाल लावा. गार लागलं तर ओल आहे. दुसरी, नाक खुपसून वास घ्या. दमटपणा नाकाला हातापेक्षा आधी कळतो. तिसरी, धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर उशी तोलून ठेवली असेल तर आता परत तोला. वजन पूर्वीपेक्षा जास्त भरलं तर जास्तीचं ते पाणी आहे. तिन्ही परीक्षांत उतरली तरी मी आणखी एक दिवस अभ्रा घालत नाही, आणि तुम्हीही घालू नये असं मनापासून वाटतं.

४८ तास उलटूनही आत ओल जाणवत असेल तर शिवण वीतभर उसवा, भराव जाळीदार पिशवीत किंवा स्वच्छ चादरीवर मोकळा करा आणि पंख्याखाली वाळवून परत भरा. पिसांच्या बाबतीत मात्र हे घरात करू नका, ती जवळच्या ड्रायर असलेल्या लाँड्रीत न्या.

किती वेळा, आणि कधी थांबायचं

झोपायच्या उशीचे अभ्रे आठवड्याला बदला. धुता येणारी उशी वर्षातून दोन-तीनदा धुणं पुरे. अभ्र्याच्या आत चेनचं आणखी एक कव्हर घातलंत तर एवढीही गरज पडत नाही, ते कव्हर महिन्याला धुतलं की झालं. शोभेच्या कुशनची कव्हरं दोन-तीन महिन्यांनी. घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर महिन्याला.

फायबरची किंवा पिसांची उशी मध्ये दुमडा आणि सोडा. स्वतःहून उघडली तर तिच्यात अजून जीव आहे. तशीच दुमडलेली राहिली तर धुऊन उपयोग नाही. स्वच्छ होईल, पण मानेला आधार देणार नाही. फोमची कड चिमटीत चुरली आणि भुगा पडला तर तोही बदलायचा. खोळीवर काळे ठिपके आणि वाळूनही न जाणारा कुबट वास असेल तर ती बुरशी आहे. अशी उशी पिशवीत बंद करून घराबाहेर काढा, तिचा भराव दुसऱ्या कशात भरू नका. निव्वळ चपटी झालेली, पण स्वच्छ असलेली फायबरची उशी मात्र टाकू नका. शिवण उसवून तंतू बोटांनी सुटे करा आणि दोन चपट्या उशांचा भराव एका धुतलेल्या खोळीत भरा. कोपरे आधी भरायचे, मध्य शेवटी, आणि तोंड बारीक टाक्यांनी शिवून टाकायचं.